स्लॅगच्या ढिगातून धातू काढायचा तर: नमुन्यापासून उरलेल्या चुऱ्यापर्यंत

स्लॅग म्हणजे भट्टीत धातू गाळताना वेगळा निघणारा, निवल्यावर दगडासारखा होणारा मळ. तिचा ढीग दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टक्का किती?" दीड टक्का तांबं ऐकलं की डोळे चमकतात, कारण आज खाणीतून निघणाऱ्या कित्येक तांब्याच्या दगडांत एवढंही तांबं नसतं. गाडी घसरते ती इथेच. दीड टक्का तांब्याचे दोन ढीग घ्या. एक भांड्यात सावकाश निवलेला, दुसरा वितळलेला असतानाच पाण्याच्या झोतात ओतलेला. पहिल्यातून तीन-चतुर्थांश तांबं निघू शकतं. दुसऱ्यावर तीच यंत्रं, तीच रसायनं वापरली तरी हाती फारसं लागत नाही, कारण झटकन निवल्याने स्लॅगची काच होते आणि तांब्याचे बारीक कण तिच्यात कायमचे अडकतात. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र दोघांचा आकडा सारखाच. तेव्हा टक्का नंतर विचारा. धातू कुठल्या रूपात आणि केवढ्या कणांत बसलाय, हे आधी शोधायचं. या लेखातली प्रत्येक पायरी त्या एका प्रश्नाशी बांधलेली आहे.

हा उद्योग नवा नाही. ग्रीसमधल्या लॉरियनच्या चांदीच्या खाणी ओसरल्यावर लोकांनी जुनी स्लॅग पुन्हा वितळवून चांदी काढली, असं दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका भूगोलकाराने नोंदवलंय. पूर्वीच्या कारागिरांना भट्टी नीट तापवता येत नव्हती, हे कारणही त्यानेच दिलंय. त्याच ढिगांमधलं शिसं काढायला १८६४ मध्ये तिथे पुन्हा एक कंपनी उभी राहिली. एकाने टाकलेलं दुसऱ्याला कच्चा माल वाटतं, ते त्याच्याकडे वेगळी भट्टी आणि वेगळा हिशेब असतो म्हणून.

आधी कचऱ्याची जात ओळखा

स्मेल्टरचा, म्हणजे धातू गाळणाऱ्या कारखान्याचा कचरा म्हणजे फक्त स्लॅग नव्हे. भट्टीच्या धुरातून पिशव्यांच्या फिल्टरमध्ये साठणारी धूळ, वितळलेल्या धातूवर साय धरावी तसा येणारा ड्रॉस, तांब्याच्या विद्युत शुद्धीकरणाच्या टाकीत तळाला बसणारा अ‍ॅनोड गाळ, जस्ताच्या कारखान्यातला लोहयुक्त पिवळसर जॅरोसाइट आणि भट्टीच्या फोडलेल्या विटा, हे सगळं त्यात येतं. प्रत्येकाची वाट वेगळी.

अ‍ॅनोड गाळाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो बाहेरच्या माणसाच्या हाती सहसा येत नाही. त्यात चांदी, सोनं, सेलेनियम, टेल्युरियम असतं आणि शुद्धीकरण करणारा कारखाना त्याचा कणही वाया जाऊ देत नाही. जगातलं बहुतेक सेलेनियम याच गाळातून येतं. असा गाळ कुणी स्वस्तात द्यायला निघाला तर आधी तो गाळ खरंच तोच आहे का, ते तपासा.

पुढचं बरंचसं विवेचन तांब्याच्या स्लॅगवर आहे. ती समजली की बाकीच्यांचे फरक पटकन ध्यानात येतात. एक टन तांब्यामागे साधारण दोन ते तीन टन स्लॅग निघते. तिचा मुख्य भाग म्हणजे लोह आणि सिलिका मिळून झालेलं फायलाइट. त्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचे दाणे, मॅटचे, म्हणजे वितळलेल्या सल्फाइडचे थेंब आणि अधूनमधून शुद्ध तांब्याचे मणी असतात.

पायरी १: नमुना

पैसे बुडतात ते इथे, आणि नेमकं हेच काम सगळ्यात नवख्या मुलाकडे दिलेलं असतं. ढिगाच्या पायथ्याशी उभं राहून फावड्याने चार घमेली भरली की झाला नमुना, असा समज आहे. ओतताना मोठे ढेकूळ घरंगळत खाली येतात आणि बारीक माल वर राहतो. शिवाय ढीग अनेक वर्षांत साठलेला असतो. त्या काळात भट्टी बदललेली असते, दगड बदललेला असतो, एखाद्या वर्षी भट्टी बिघडलेली असते. बिघाडाच्या वर्षातली स्लॅग सगळ्यात श्रीमंत, आणि ती नेमकी पोटात गाडलेली.

म्हणून ढिगावर चौकोनी जाळं आखायचं आणि प्रत्येक छेदावर ड्रिलने किंवा जेसीबीने चर खणून तळापर्यंत जायचं. दर मीटरचा माल वेगळ्या पोत्यात भरायचा. पोत्यावर जागा आणि खोली लिहायची, आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दुसरी चिठ्ठीही टाकायची, कारण बाहेरची शाई पहिल्याच पावसात जाते. मग माल फोडायचा, शंकूसारखा ढीग करायचा, वरून दाबून चपटा करायचा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवायचे. पुन्हा फोडायचा, पुन्हा चार भाग. फोडल्याशिवाय वाटणी करायची नाही. ढेकळं मोठी असताना वाटणी केली तर एखादा तांब्याचा मणी ज्या भागात गेला तो भाग श्रीमंत आणि बाकीचे भिकारी ठरतात.

या मण्यांचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. एका ढिगाचा नमुना मी दोन प्रयोगशाळांना दिला. एकीने ०.७ टक्के सांगितलं, दुसरीने १.७. आठवडाभर वाद चालला. शेवटी पहिल्या ठिकाणी जाऊन उभा राहिलो तेव्हा दिसलं की दळण झाल्यावर चाळणीवर उरलेले लालसर चपटे तुकडे तिथला माणूस "दळले जात नाहीत" म्हणून कचऱ्यात टाकत होता. ते दळले जाणार कसे? ते तांबंच होतं, आणि तांबं कुटलं की फक्त चपटं होतं.

त्यामुळे प्रयोगशाळेला लेखी सांगा की चाळणीवरचा आणि चाळणीखालचा माल वेगळा तपासायचा. हिशेब सोपा आहे. समजा १००० ग्रॅम नमुना दळला आणि १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर १२ ग्रॅम उरला. त्यात ८५ टक्के तांबं, म्हणजे १०.२ ग्रॅम. खालच्या ९८८ ग्रॅममध्ये ०.७ टक्के, म्हणजे ६.९ ग्रॅम. एकूण १७.१ ग्रॅम, म्हणजे १.७१ टक्के. वरचे बारा ग्रॅम फेकले की निम्म्याहून जास्त तांबं कागदावरून गायब.

पायरी २: भिंगाखाली बघणं

ढेकळातून कापलेला तुकडा रेझिनमध्ये बसवून आरशासारखा घासायचा आणि वरून उजेड टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. जवळच्या भूशास्त्र किंवा धातुशास्त्र विभागात हे होतं आणि खर्च फार नसतो. सावकाश निवलेल्या स्लॅगमध्ये फायलाइटच्या लांबट गडद करड्या पट्ट्या दिसतात, त्यांच्यामध्ये मॅग्नेटाइटचे फिकट करडे, कोनदार दाणे. मॅटचे थेंब त्याहून उजळ, कधी निळसर तर कधी तांबूस-तपकिरी. शुद्ध तांबं गुलाबी, चकचकीत, चुकणं शक्य नाही. पाण्यात झटकन निववलेल्या स्लॅगमध्ये सगळीकडे सपाट काच आणि त्यात टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे ठिपके.

आता थेंब मोजा. निदान दोनशे थेंबांचा व्यास लिहून काढा. बहुतेक तांबं ५० मायक्रॉनपेक्षा मोठ्या थेंबांत असेल तर दळून ते मोकळं करता येईल. पाच-दहा मायक्रॉनच्या थेंबांत असेल तर दळणाचा खर्चच तांबं खाऊन टाकेल. आणि थेंबच दिसत नसतील, तरीही रासायनिक तपासणी धातू दाखवत असेल, तर तो ऑक्साइड बनून फायलाइटमध्ये किंवा काचेत विरघळलाय. मग दळण आणि फेसाबरोबर कण वर आणणारं फ्लोटेशन विसरा. तिथे भट्टी किंवा आम्लच लागेल. कोबाल्टचं बहुधा असंच असतं. काँगोतल्या लुबुंबाशीच्या प्रसिद्ध ढिगासाठी विद्युत भट्टी उभारावी लागली ती म्हणूनच. तिथे स्लॅग कोळशासोबत पुन्हा वितळवून कोबाल्ट आणि तांब्याचा मिश्रधातू काढला जात असे.

पायरी ३: फोडणं, चुंबक, जिग

स्वस्त काम आधी. जॉ क्रशरच्या, म्हणजे जबड्यासारख्या पाट्यांत ढेकळं फोडणाऱ्या यंत्राच्या आधी, माल वाहणाऱ्या पट्ट्यावर चुंबक लावा, नाहीतर लोखंडाचा एखादा गोळा जबड्यात अडकून दिवस जाईल. तांब्याला चुंबक धरत नाही, म्हणून तांब्याच्या मोठ्या गाठींसाठी मेटल डिटेक्टर किंवा पट्ट्याजवळ उभा राहणारा अनुभवी माणूस हवा. माझा कल माणसाकडे. तो गाठ उचलतो आणि त्याच वेळी "आज माल वेगळा येतोय" हेही सांगतो.

पोलादाच्या आणि फेरोक्रोमच्या (लोखंड-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) स्लॅगमध्ये अर्धी लढाई इथेच जिंकली जाते. पोलादाच्या स्लॅगमधलं लोखंड चुंबक ओढून घेतो. फेरोक्रोम पाण्याच्या सात पट जड आणि त्याची स्लॅग साधारण तीन पट, म्हणून पाण्याच्या ठोक्यावर चालणारा जिग ते सहज वेगळं करतो. रसायन नाही, भट्टी नाही. फक्त जिगला देण्याआधी मालाचे आकारानुसार गट पाडा. मोठा हलका तुकडा आणि छोटा जड तुकडा पाण्यात एकाच वेगाने खाली बसतात आणि मग जिगला दोष दिला जातो.

पायरी ४: दळण आणि फ्लोटेशन

तांब्याची स्लॅग दळायला चिवट असते. नेहमीच्या तांब्याच्या दगडापेक्षा तिला बरीच जास्त वीज लागते, आणि बॉल मिलच्या आतल्या पट्ट्या व गोळे पटापट झिजतात. दगडाच्या अनुभवावरून स्लॅगचा खर्च काढणाऱ्यांचं गणित इथे कोलमडतं. किती बारीक दळायचं ते थेंबांच्या मोजणीवरून ठरवायचं. बऱ्याच ठिकाणी ऐंशी टक्के माल ४५ मायक्रॉनखाली न्यावा लागतो.

फ्लोटेशनमध्ये झँथेट नावाचं रसायन धातूच्या कणाला बुडबुड्याला चिकटवतं आणि फेसाबरोबर तो वर येतो. पाणी किंचित अल्कधर्मी ठेवायचं. ताज्या स्लॅगला एवढं पुरतं. वर्षानुवर्षं पावसात पडलेल्या स्लॅगच्या कणांवर मात्र ऑक्साइडचा थर चढलेला असतो आणि झँथेट त्याला धरत नाही. तेव्हा सोडियम हायड्रोसल्फाइडने वरचा थर पुन्हा सल्फाइडचा करून घ्यावा लागतो. हे रसायन आम्लाच्या जवळपासही नेऊ नका. हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि त्याचा वास यायचा बंद झाला म्हणजे धोका टळला असं नसतं. नाकच बधिर झालेलं असतं.

चाचणी संपली की हिशेब जुळतो का ते बघा. १०० टन स्लॅग, १.२ टक्के तांबं, म्हणजे १.२ टन. त्यातलं ७५ टक्के फेसात आलं तर ०.९ टन. फेसातल्या मालात २० टक्के तांबं असेल तर तो माल ४.५ टन भरेल. उरलेल्या ९५.५ टनांत ०.३ टन तांबं, म्हणजे सुमारे ०.३१ टक्के असायला हवं. उरलेल्या मालाची तपासणी वेगळीच काही सांगत असेल तर कुठेतरी वजन, नमुना किंवा पाण्याचा अंश चुकलाय. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी ५: भट्टी आपलीच असेल तर

स्लॅग आपल्याच भट्टीतून निघत असेल तर ढीग होऊच देऊ नका. वितळलेल्या अवस्थेत विद्युत भट्टीत सुमारे १२५० अंश सेल्सिअसला काही तास ठेवली आणि थोडा कोक दिला, तर मॅग्नेटाइट कमी होतं, स्लॅग पातळ होते आणि मॅटचे थेंब तळाला बसतात. थेंब बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो: व्यास दुप्पट, वेग चौपट. म्हणूनच थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतील अशी पातळ स्लॅग आणि शांत भट्टी हवी. सारखी ढवळत राहिलात तर ते तरंगतच राहतील.

फ्लोटेशन करायचं ठरलं असेल तर निववण्यावर लक्ष द्या. भांड्यात किंवा खड्ड्यात ओतून १००० अंशांपर्यंत अगदी सावकाश खाली येऊ द्यायचं. पाण्याचे फवारे त्यानंतर. घाईने पाणी मारलं तर तेच तांबं काचेत कोंडलं जातं. आणि भांड्याच्या तळाशी पाणी साचलेलं असताना स्लॅग ओतली तर स्फोट होतो. ओलं भांडं, ओला खड्डा, ओला स्क्रॅप यांपैकी कशालाही वितळलेल्या मालाची गाठ पडता कामा नये.

गंमत अशी की ब्लास्ट फर्नेसच्या लोखंडाच्या स्लॅगचं नेमकं उलट. तिच्यात काढण्यासारखा धातू फारसा नसतो. तिची किंमत सिमेंटमध्ये. त्यासाठी ती काच व्हायलाच हवी, म्हणून तिला पाण्याच्या झोतातच ओततात. सावकाश निवली तर ती नुसती खडी.

जस्त आणि शिसं

शिशाच्या भट्टीच्या स्लॅगमध्ये जस्त दहा टक्क्यांच्या वर असतं, आणि जस्ताचा एक स्वभाव कामी येतो: ते ९०७ अंशांना उकळतं. वितळलेल्या स्लॅगमध्ये कोळशाची पूड आणि हवा फुंकली की जस्त वाफ होऊन वर येतं, हवेत पुन्हा ऑक्साइड होतं आणि पिशव्यांच्या फिल्टरमध्ये पांढरी भुकटी म्हणून सापडतं. भंगारापासून पोलाद करणाऱ्या विद्युत भट्टीच्या धुळीवर हीच युक्ती वेल्झ पद्धतीने, म्हणजे फिरत्या लांब भट्टीत कोकबरोबर सुमारे १२०० अंशांना केली जाते. मिळणाऱ्या ऑक्साइडमध्ये साधारण ५५ ते ६० टक्के जस्त असतं. त्यातलं क्लोराइड आणि फ्लोराइड सोड्याच्या पाण्याने धुऊन काढावं लागतं, नाहीतर पुढच्या विद्युत टाक्या बिघडतात.

ही धूळ थेट आम्लात का विरघळवत नाहीत? निम्मं-अधिक जस्त बऱ्याचदा लोहाबरोबर फेराइट बनून बसलेलं असतं. साधं आम्ल त्याला दाद देत नाही, आणि गरम तीव्र आम्ल दिलं तर लोहही सगळं विरघळतं.

आम्लाची वाट

आम्लाचा मोह लवकर होतो, कारण बीकर आणि बाटली घेऊन सुरुवात करता येते. माझी पहिली चाचणी आठवते. दळलेली तांब्याची स्लॅग, गरम सल्फ्युरिक आम्ल, छान निळसर-हिरवं पाणी. तांबं विरघळलं म्हणून खूश होऊन रात्री घरी गेलो. सकाळी बीकर उलटा केला तर काहीच सांडेना. विरजण लागावं तसं सगळं घट्ट झालं होतं. फायलाइट आम्लात विरघळतं तेव्हा सिलिकाही पाण्यात येते आणि मग जेली होऊन बसते. फिल्टरचं कापड बुजतं आणि तांबं जेलीतच अडकतं. शिवाय आम्लातला मोठा वाटा लोहाने खाल्लेला असतो. मोठे कारखाने ऑक्सिजनखाली, दाबाच्या भांड्यात, उच्च तापमानाला हे करतात. तिथे लोह हेमेटाइट, म्हणजे लोहाचं लाल ऑक्साइड, म्हणून खाली बसतं आणि सिलिका गाळता येईल अशी राहते. असं भांडं नसेल तर फायलाइट स्लॅगवर आम्ल ओतू नका.

ॲल्युमिनियमचा ड्रॉस: घड्याळ आणि पाणी

इथे रसायनापेक्षा वेळ महत्त्वाचा. भट्टीवरून ओढलेल्या गरम ड्रॉसमधलं ॲल्युमिनियम हवेत जळत राहतं, मिनिटागणिक धातू राख होतो. म्हणून ड्रॉस लगेच दाबयंत्रात दाबून धातू खाली निथळवतात किंवा आर्गॉनखाली निववतात. नंतर फिरत्या भट्टीत मिठाबरोबर उरलेला धातू काढतात. त्यातून उरणारी खारट स्लॅग पाण्यात विरघळवून मीठ परत मिळवता येतं.

पण उघड्यावर ड्रॉसला पाणी लागू देऊ नका. त्यातलं ॲल्युमिनियम नायट्राइड पाण्याशी भिडून अमोनिया सोडतं, कार्बाइड मिथेन सोडतं, धातू हायड्रोजन. ज्या ड्रॉसमध्ये आर्सेनिक आहे त्यातून आर्सिन वायू निघतो. आर्सिन रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि अत्यल्प मात्रेतही जीवघेणा असतो. गोदामाला छप्पर हवं, खालून ओल यायला नको आणि वरून हवा खेळती हवी.

माणसं

शिसं असलेल्या मालावर काम असेल तर कापडी मास्क निरुपयोगी. बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, कामाचे कपडे कामावरच, अंघोळ करून घरी, जेवणाची जागा वेगळी आणि दर काही महिन्यांनी रक्तातल्या शिशाची तपासणी. जस्ताच्या धुरात काम केल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप आला तर तो नुसता फ्लू समजू नका. घराच्या मागे शिशाची स्लॅग किंवा बॅटऱ्या वितळवण्याचा विचार असेल तर इथेच थांबा. त्या शिशाची पहिली झळ लहान मुलांना बसते.

पायरी ६: उरलेले पंचाण्णव टन

धातू काढला, आता उरलेल्या मालाचं काय? तांब्याच्या स्लॅगचा चुरा सिमेंटच्या कच्च्या मालात लोहासाठी जातो, काँक्रीटमध्ये वाळूचा काही भाग भरून काढतो. न दळलेली कडक, टोकदार स्लॅग जहाजांचा गंज झाडायला वापरतात. पोलादाच्या स्लॅगमध्ये मोकळा चुना असतो. ती ताजी रस्त्याखाली घातली तर पाणी पिऊन फुगते आणि रस्ता उचलते. महिनोन् महिने उघड्यावर पाणी मारून मुरवल्यावर फुगण्याची चाचणी घ्यायची आणि मगच वापरायची.

एक बाब बरेच जण विसरतात. ढेकूळ असताना जी स्लॅग शिसं आणि आर्सेनिक आत धरून होती, ती दळल्यावर सोडू लागते, कारण पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. म्हणून ढेकळाचा जुना तपासणी अहवाल चुऱ्यासाठी चालत नाही. अमेरिकेतल्या प्रचलित चाचणीत नमुना वीसपट वजनाच्या अ‍ॅसेटिक आम्लयुक्त द्रवात १८ तास गोल फिरवतात आणि पाण्यात काय उतरलं ते मोजतात. शिसं आणि आर्सेनिक लिटरमागे ५ मिलिग्रॅम आणि कॅडमियम १ मिलिग्रॅमपर्यंत पोचलं की तो माल धोकादायक कचरा ठरतो. तुमच्या देशाची मर्यादा वेगळी असू शकते, पण चाचणी चुऱ्यावरच करून घ्या, आणि यंत्रांची ऑर्डर देण्याआधी. चुरा धोकादायक ठरला तर साडेचार टन मालाच्या विक्रीतून पंचाण्णव टनांची सुरक्षित विल्हेवाट भागवावी लागते, आणि मग ढिगाला हात न लावणंच स्वस्त पडतं.

विक्रीचा हिशेब करताना स्मेल्टर पूर्ण तांब्याचे पैसे देत नाही हेही धरा. तो काही भाग कापतो, गाळण्याची फी घेतो, आर्सेनिक किंवा शिसं जास्त असेल तर दंड लावतो आणि ओलाव्याचं वजन वजा करतो. त्यामुळे आधी एक-एक किलोच्या चाचण्या, मग काही टनांची चाचणी, आणि त्यातून निघालेल्या मालाचा खरा नमुना खरेदीदाराकडे पाठवून त्याच्याकडून लेखी दर. नमुन्याचे तीन सीलबंद भाग करा: एक तुमचा, एक त्याचा आणि तिसरा कुलपात, दोघांचे आकडे जुळले नाहीत तर त्रयस्थाकडे पाठवायला.